राहिलेलं अक्षर

परवा व्हिडिओ कॉलवर बोलताना तुम्ही दोघांनी पुन्हा विचारलंत, "आजी, तुझ्या चेहऱ्याखाली 'दर्शना' असं का लिहून येतं? दर्शना कोण?" आणि मग नाव कसं बदलायचं तेही सांगितलंत. आधी सेटिंग, मग अकाउंट, मग नाव. दोन मिनिटांचं काम. मी ते डायरीत क्रमाने लिहून घेतलं आहे आणि पानाला खूणही घातली आहे. तरी नाव बदललेलं नाही. का, ते कॉलवर सांगता येण्यासारखं नाही, म्हणून लिहून पाठवते. तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

हा लॅपटॉप दर्शनाचा आहे. तिला मी कधी पाहिलेलं नाही. तिच्या वडिलांच्या दुकानात मात्र मी चार वर्षं जात होते.

भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा गाळा होता. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. बाहेर दुकानाच्या नावाची पाटी नव्हती. आत भिंतीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा खिळ्याला टांगलेला होता. त्यावर निळ्या मार्करने, शाळेतल्या मुलासारख्या गोल अक्षरांत लिहिलेलं होतं: "बसते म्हणजे चालते असे नाही." नवीन गिऱ्हाईक ते वाचून हसायचं. जुनं हसायचं नाही.

लॅपटॉप उघडायच्या आधी ते दुकानाच्या शटरला उजवा तळवा टेकवून क्षणभर उभे राहायचे. डोळेही मिटायचे. शेजारच्या कटलरीच्या दुकानातली गुजराती बाई कौतुकाने सांगायची, "बहुत श्रद्धा है इनको." मी एकदा विचारलं, कुठल्या देवाचं नाव घेता?

"देव कसला, टीचर," ते म्हणाले. "अंगातली वीज उतरवतो. अंगात वीज घेऊन पट्टीला शिवलं का मेली ती."

पट्टी म्हणजे मेमरीची पट्टी. रॅम म्हणतात ती. बोटभर लांब, हिरवी, कडेला सोनेरी दात असलेली. आणि टीचर म्हणजे मी. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. विमा कंपनीत दुसऱ्यांनी भरलेले कागद तपासण्यात माझी नोकरी गेली. हे मी त्यांना तीनदा सांगितलं. "पण इंग्रजी वाचता ना? मंग टीचरच," एवढंच उत्तर. पुढे मी सांगायचं सोडून दिलं.

पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेले ती माझ्याच चुकीमुळे. तुमच्या आजोबांचा लॅपटॉप मी वापरत होते. तो फार हळू झाला होता. तुमच्याशी बोलायला बसले की तुमचे चेहरे अर्ध्या हसण्यात गोठायचे आणि आवाज पुढे निघून जायचा. मेमरी वाढवली की काम होईल असं मी वाचलं. मग माझ्या पद्धतीप्रमाणे डायरीत तक्ता केला: किती जीबी, कुठला प्रकार, कुठला वेग. ऑनलाइन मागवली, यूट्यूबवर बघून स्वतः बसवली. 'टक्' असा आवाज आला. मला फार समाधान वाटलं. बटण दाबलं. पडदा काळा तो काळाच.

त्यांनी पट्टी बाहेर काढली, उजेडात तिरकी धरली आणि विचारलं, "ही कोणी आणली?"

"मीच."

"इंग्रजी वाचता येतं ना?"

"सगळं आयुष्य इंग्रजी कागद वाचण्यात गेलं माझं."

"मंग एक अक्षर राहिलं कसं?"

त्यांनी लेबलावर नख ठेवलं. जिथे तीनच्या आकड्यापुढे 'एल' हवा होता तिथे तो नव्हता. एल म्हणजे कमी विजेवर चालणारी. माझ्या लॅपटॉपला तीच लागत होती. मी आणलेली जास्त विजेची होती. लांबी तीच, दातांमधला काप तोच, बसतानाचा आवाजसुद्धा तोच. तीस वर्षं मी लोकांच्या चुका लाल शाईने गोल केल्या होत्या, आणि माझं स्वतःचं एक अक्षर वाचायचं राहिलं होतं.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले आणि मान न वळवता अंगठ्याने मागचा पुठ्ठा दाखवला.

मशीन समोर आणल्याशिवाय ते मेमरी द्यायचे नाहीत. लोक मोबाइलवर फोटो दाखवायचे, मॉडेल नंबर सांगायचे. "फोटोवर न्हाय जमत. मशीन आणा. तिच्यात आधी काय होतं, एक खाच हाय का दोन, सगळं बघू." पट्टी बसवायच्या दोन खाचा असतील तर दुसऱ्या खाचेतली पट्टी पहिलीशी जुळणारी हवी, त्यावर त्यांचा अर्धा तास जायचा. जुन्या पट्ट्यांचे सोनेरी दात ते शाळेच्या पांढऱ्या खोडरबरने घासायचे, मग फुंकर न घालता मऊ ब्रशने झाडायचे. फुंकरीत थुंकी असते म्हणे. नवी पट्टी बसवल्यावर पहिल्यांदा सुरू होताना लॅपटॉप कधी कधी बराच वेळ काळा राहतो, तो नव्या पट्टीची ओळख करून घेत असतो. गिऱ्हाईक घाबरून पुन्हा बटण दाबायला जायचं, की ते त्याचा हात धरायचे. "थांबा. काळं पडलं म्हणून लगेच हात लावायचा न्हाय."

त्यांच्या आधीच्या पिढ्या मिठागरावर होत्या. ते स्वतः शिकून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत आले आणि तिथून इथे. पण मेमरीवरच्या काळ्या चौकोनी चिपांना ते 'दाणे' म्हणायचे, आणि पट्टी तळहातावर घेऊन अशी हलवायचे, जणू तळहातावर खरंच मीठ आहे. जुन्या यंत्रांना बारीक दाणा लागतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. हल्ली एकाच बाजूला आठ दाणे असतात आणि प्रत्येकात खूप भरलेलं असतं. जुन्या लॅपटॉपला तो दाणा पचत नाही. त्याला तेवढीच मेमरी सोळा दाण्यांत वाटून द्यावी लागते, दोन्ही बाजूंना आठ-आठ. ही माहिती दुकानदार सांगत नाहीत आणि लेबलावरही सरळ लिहिलेली नसते. पट्टी उलटी करून मोजावी लागते.

एक माणूस घाईघाईत आला होता. "भाईसाब, लॅपटॉप की मेमरी फुल हो गई. सब फोटो भरे हैं."

"मेमरी फुल नहीं होती," ते म्हणाले. "फोटो डिस्क में रहता है. मेमरी तो बत्ती गई कि सब भूल जाती है. रोज सुबह कोरी."

"अरे, तो फिर उसका फायदा क्या?"

"काम चालू है तब तक साथ देती है. और क्या चाहिए?"

माणूस माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. ते हसले नव्हते.

त्यांच्या मागे, सगळ्यात वरच्या फळीवर, उशीच्या अभ्र्यात घातलेला एक लॅपटॉप असायचा. दुकानात सगळ्यावर बाजाराची धूळ असायची, त्या अभ्र्यावर नसायची. दर पंधरा दिवसांनी अभ्रा धुऊन यायचा. कुणी विचारलं, की एकच उत्तर ठरलेलं होतं. "तो विकायचा न्हाय. पोरीचा हाय. पट्टी मिळाली का ती येऊन घेऊन जाईल."

मला ते ऐकून बरं वाटायचं. तुमच्यासारखंच कुणीतरी लांब आहे आणि येणार आहे, एवढाच अर्थ मी घेतला होता.

खरं काय ते त्यांच्या बायकोने सांगितलं. ती दुपारी डबा घेऊन यायची. एके दिवशी ते कुणाच्या तरी ऑफिसात गेले होते आणि आम्ही दोघीच दुकानात होतो. मी पुठ्ठ्यावरच्या वाक्याचं कौतुक केलं, गिऱ्हाइकाला चांगलं समजावलंय म्हटलं.

"बाय, तो बोर्ड गिऱ्हाइकासाठी न्हाय," ती म्हणाली.

दर्शनाला घोडबंदरकडच्या एका चांगल्या घरात दिली होती. घर मोठं, माणसं ओळखीतली, सगळं बघूनसवरून. वर्षाच्या आत ती बॅग घेऊन परत आली. वडिलांनी स्कूटरवर बसवून परत नेऊन सोडली. "घर चांगलं हाय. बसशील हळूहळू." काही महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा बॅगेत हा लॅपटॉप होता, बंद पडलेला.

"'बाबा, एवढा तरी दुरुस्त करा,' बोलली," तिची आई सांगत होती. "यांनी ठेवून घेतला. आणि त्याच संध्याकाळी तिला पुन्हा सोडून आले. मी दारात उभी होते. ती स्कूटरवर मागं बसली होती आणि माझ्याकडं बघत पण नव्हती."

तिसऱ्यांदा ती माहेरी आलीच नाही. तिथूनच परस्पर बंगळूरला गेली. नोकरी लागल्यावर आईला फोन केला. आईने घरी ये म्हटलं, तेव्हा तिने सांगितलं, "लॅपटॉप झाला की कळवा. तेव्हा येईन."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि मधे?"

"दिवाळीला फोन येतो. माझ्याशी बोलते. यांचं नाव काढलं का म्हणते, 'लॅपटॉप झाला का?'"

तिने डबा पुसून टेबलावर ठेवला आणि निघून गेली. त्या दिवसापासून ते गिऱ्हाइकाला "बसते म्हणजे चालते असे नाही" असं म्हणाले, की मी दुसरीकडे बघायची.

मी मग त्या लॅपटॉपसाठी काय लागतं ते विचारून घेतलं आणि डायरीत लिहिलं. एल हवा. दोन्ही बाजूंना आठ-आठ दाणे हवेत. खाच एकच. चुकलेलं किंवा अर्धवट राहिलेलं काही समोर असलं की मला चैन पडत नाही, तुमच्या बाबांना विचारा. बाजारात जाता-येता मी चौकशी करायची, मिळाली का? ते मान हलवायचे. दोनदा तर माझ्यादेखत तशी पट्टी दुकानात आली. एकीला ते म्हणाले, दात झिजलेत. मी पाहिलं, झिजलेले नव्हते. दुसरीला म्हणाले, "भिवंडीचा भंगारातला माल हाय, भरवसा न्हाय." इतरांना त्यांनी भिवंडीचा माल कितीदा तरी लावला होता. काटेकोर माणूस आहे, मुलीच्या बाबतीत जास्तच, असं मी समजले. मीही काटेकोर. मला ते पटलं.

मग इमारतीला नोटीस आली. पाडून नवी होणार होती. वरची बिऱ्हाडं एकेक करून हलली, जिन्यात रद्दी आणि तुटक्या बादल्या राहिल्या. कटलरीवाली बाई भाईंदर पूर्वेला गेली. महिनाअखेर गाळे रिकामे करायचे होते. ते म्हणाले, गावातल्या घरी ओटीवर टेबल टाकीन, येणारे येतील. पण काही आवरायला घेतलं नव्हतं.

"लॅपटॉप इथं हाय, एवढंच दर्शनाला माहीत हाय," ते एकदा म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आजोबांचा लॅपटॉप मेला. खाडीच्या खाऱ्या हवेने त्याचा मदरबोर्ड आतून हिरवा पडला होता. त्यांनी तो उघडून मला दाखवला. "हा गेला, टीचर." मग त्यातली मेमरीची पट्टी काढून टेबलावर ठेवली. चार वर्षांपूर्वी त्यांनीच माझ्यासाठी शोधून बसवलेली ती पट्टी होती.

मी ती उचलली. खरं तर आजोबांची आठवण म्हणून जपून ठेवावी असं मनात आलं होतं. पण सवय. लेबल वाचलं. तीनच्या आकड्यापुढे एल होता. पट्टी उलटी करून मोजलं. आठ. सुलटी केली. आठ.

"अहो, ही तर दर्शनाच्या लॅपटॉपला चालेल!"

ते स्क्रू डबीत टाकत होते. वर बघितलं नाही. "बघू."

"बघू काय? वीज जुळते. दाणे जुळतात. चार वर्षं तुमच्या हातची चाललेली पट्टी आहे."

"कंपनी वेगळी हाय."

"तिच्या लॅपटॉपला खाच एकच आहे. मग दुसऱ्या कुठल्या पट्टीशी जुळायची?"

हे सगळं त्यांनीच मला शिकवलेलं होतं, आणि एक अक्षरही न चुकता मी ते त्यांच्यासमोर परत म्हणून दाखवत होते. मला वाटत होतं, आता ते म्हणतील, शाब्बास टीचर. त्यांनी डबीचं झाकण लावलं. ते लावायला त्यांना बराच वेळ लागला.

तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. मी तिला सांगितलं, पट्टी सापडली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. "लावा ना मंग," ती म्हणाली. "इतकी वर्षं काय सांगताय मला?"

ते उठले. शटरला तळवा टेकवून उभे राहिले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. अभ्रा काढून त्याची घडी घातली. दात खोडरबरने घासले, ब्रशने झाडले, पट्टी तिरकी घालून खाली दाबली. टक्. बटण दाबलं.

पडदा काळा राहिला. आम्ही तिघंही बघत होतो. नवी पट्टी बसली की असं होतं, हे मला माहीत होतं. पण या वेळी त्यांचाच हात बटणाकडे गेला, आणि बायकोने तो धरला.

"थांबा. तुम्हीच सांगता ना."

मग पडदा उजळला. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत आलं: दर्शना. पासवर्ड नव्हता. आत कसलीशी कोर्सची फाइल अर्धी उघडी होती, आणि मागे उत्तनच्या समुद्राचा एक फोटो.

"झालं की काम!" मी म्हटलं. "कळवा तिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला आज इतकं जड गेलं नसतं. आपला शेवटचा कागद कुणीतरी हातातून काढून घेतल्यावर माणूस बघतो, तसं ते बघत होते. मला तेव्हा कळलं. पट्टी त्यांना केव्हाच मिळाली असती. पट्टी मिळत नव्हती, तोवरच 'ती येईल' असं म्हणता येत होतं.

पण बायको पुढ्यात उभी होती आणि मी लॅपटॉपच्या पलीकडे. त्यांनी मोबाइल काढला आणि एका बोटाने लिहिलं: लॅपटॉप झाला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मी मुद्दाम गेले होते, न जाणं जमलं नाही. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"टीचर, नीट वाचा. एखादं अक्षर राहिलं असेल माझ्याकडून."

मी चष्मा लावला. दर्शनाने लिहिलं होतं, "मी नवीन घेतला कधीच. तो कुणाला तरी देऊन टाका. तब्येतीची काळजी घ्या." मी दोनदा वाचलं. मग एकदा मोठ्याने वाचलं. एकही अक्षर राहिलेलं नव्हतं.

"काळजी घ्या असं लिहिलंय," मी म्हटलं.

"हो. लिहिलंय," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी गाळा रिकामा करताना त्यांनी लॅपटॉप अभ्र्यासकट माझ्या हातात दिला. मी नको म्हटलं, खूपदा म्हटलं.

"तुम्हीच जुळवलाय. तुम्हीच वापरा."

पुठ्ठ्याचा तुकडा त्यांनी घेतला नाही. भिंतीवर तसाच ठेवून शटर ओढलं. या वेळी शटरला दोन्ही हात लागले होते. आता त्या जागी पत्र्याचं कुंपण आहे.

माझ्या स्वभावातली एक गोष्ट तेव्हापासून बदलली आहे, ती तुमच्या बाबांच्या लक्षात आली नसेल. मागच्या खेपेला तुमच्या खोलीतल्या पडद्याचा रॉड पडला होता. "पुढच्या वेळी आलो की मीच लावतो, तू सुतार बोलावू नकोस," असं बाबा जाताना म्हणाले होते. पूर्वी मी आठवड्याच्या आत सुतार बोलावला असता. रॉड अजून कोपऱ्यात उभा आहे. खोलीत दुपारी ऊन येतं, येऊ दे.

दर्शनाचे वडील अधूनमधून फोन करतात. गावात ओटीवर टेबल टाकलंय, पण फारसं कुणी येत नाही म्हणतात. तब्येतीचं विचारलं तर टाळतात. दिवाळीचा फोन यंदा बायकोला आला का, हे मी विचारत नाही. आमचं बोलणं थोडक्यात असतं.

"टीचर, चालतोय ना?"

"चालतोय."

"नाव तेच येतं?"

"तेच."

"असू दे मंग."

तुम्ही सांगितलेलं सगळं डायरीत आहे. सेटिंग, अकाउंट, नाव. पण पुढच्या वेळी ते पुन्हा हेच विचारतील, आणि मी त्यांना खोटं सांगणार नाही.